रखमाबाईची पाठ

डोंबिवलीच्या खाडीकाठी रखमाबाईचं शेणानं सारवलेलं खळं होतं, त्यावर ती जवळा सुकवायची. कल्याणला आगगाडी नवी नवी आली त्या सुमारास ती लग्न होऊन इथं आली आणि तेव्हापासून तिचं उभं आयुष्य दोघांशी भांडण्यात गेलं: एक नवरा धाकू, दुसरे काठच्या तिवरांच्या झाडांवरचे कावळे. धाकू शब्दानं ऐकायचा नाही, कावळे हाकेनं.

कावळ्यांची खोड मात्र तिनं पुरती ओळखली होती. शेजारणींच्या डोळ्यांदेखत ते जवळा उचलायचे, कारण शेजारणींचे दगड खाडीत पडायचे. रखमाबाईचा दगड लागायचा. ती लुगडं बदलो की डोक्यावर इरलं घेवो, तोंड दिसलं की मेले ओळखायचे. ती बघतेय तोवर पंख हलवायचे नाहीत. पाठ फिरली की चोच जवळ्यात. कालची पिल्लंसुद्धा थोरांचं बघून बघून तिला बिचकायची.

धाकू गेला. थोरला मुलगा गुणाजी ठाण्याच्या मिठागरात, धाकटा पंढरी कल्याण स्टेशनात हमाल. सुतकातच दोघा भावांनी ठरवून टाकलं, की खळं मोडायचं आणि आयसला सहा महिने ह्याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे ठेवायचं. तिला कुणी विचारलंच नाही. सुनांच्या चुलीपुढं आयतं गिळत बसायचं, ह्या विचारानंच तिचा घास फिरला. पण नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच बाईनं खळ्यापायी भांडायचं कसं?

दहाव्याला पिंड खळ्याच्या कडेलाच ठेवला. तिवरं कावळ्यांनी काळी झाली होती. रखमाबाई समोर येऊन बसली आणि झाडांकडे टक लावून राहिली. एक कावळा हलेना.

धाकूचं मन कशात तरी अडकलंय, असं गाव म्हणालं. गुणाजीनं बापाचं जाळं विकणार नाही असं कबूल केलं. कावळे ढिम्म. पंढरीनं ताडीचं मडकं आणून ठेवलं, तसा एक जण फांदीवर पुढं सरकला, अन् रखमाबाईचे डोळे दिसताच मागं गेला. जितेपणीही धाकू जेवायला बोलावलं की असाच अडून बसायचा, हे म्हाताऱ्यांना आठवलं. ऊन डोक्यावर आलं. मंडळींच्या पोटात कावळे कोकलायला लागले, झाडावरचे मात्र गप्प.

शेवटी गुणाजीचा धीर सुटला. हात जोडून तो पुटपुटला, "बाबा, आयसला खल्यावरनं हलवनार नाय."

"मोठ्यानं सांग रं," रखमाबाई म्हणाली. "तुजा बापूस कमी आयकायचा."

गुणाजीनं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. पंढरीनंही री ओढली.

मग रखमाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि हुंदका आल्यागत पाठ फिरवली. तिवरांवरून काळा लोट उठला. पिंडाचं शीतही उरलं नाही.

तेरावं उरकून सकाळी पंढरी कल्याणला निघाला, तेव्हा आयस खळ्यावर होती. तिनं मूठभर जवळा कडेला टाकला आणि मुद्दाम खाडीकडे तोंड करून बसली. मागं कावळे तुटून पडले. पंढरी बघतच राहिला. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला.

"आये, त्या दिशी तू पाठ फिरवलीस तवाच कावला बसला."

"मंग?" रखमाबाई वळलीसुद्धा नाही. "बायको टकामका बगत असली, का तुजा बापूस कदी सुखानं जेवला रं?"