रांजणातला तवंग

उमरग्याला सोलापूर-हैदराबादच्या सडकेवर आमची खानावळ होती. निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी सून म्हणून तिथं आले आणि आल्या दिवसापासून माझ्या वाट्याला आला तो मोरीमागचा रांजण. लोकांच्या सुनांना देवघर मिळतं, मला रांजण!

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरला होता. खरकट्या भांड्यांचं पाणी त्यात पडायचं, तेल-तूप वर तरंगायचं आणि खालचं पाणी रांजणाच्या पोटाला पाडलेल्या भोकातून गल्लीच्या नालीत जायचं. थंडीत वर साय धरल्यागत थर यायचा. तो मी करवंटीनं काढायची. त्यात चुलीची काजळी कालवली की बैलगाडीच्या आसाला झकास वंगण व्हायचं. गाडीवाले मागून न्यायचे. वास मात्र असा, की हात कितीही घासा, भाकरी तोंडात घालवत नव्हती.

एवढा खटाटोप कशाला? तर आमची नाली उतारावर सडकेखालून जायची. वरून फरशी, आत कधी ऊन न्हाय. तेल तिथं गेलं की थिजायचं आणि नाली तुंबायची. आणि नाली फरशीखाली शिरायची त्या तोंडाशीच गल्लीचा गोड्या पाण्याचा आड होता. आडाला लागून एक कानडी अक्का राहायची. विधवा बाई, मागंपुढं कुणी न्हाय. आमच्या खानावळीचं आणि आसपासच्या घरांचं पाणी भरायची, त्यावरच तिची चूल पेटायची. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तू रांजण काढतीस म्हणून माझा आड हाय गं तंगी," म्हणायची.

दिवाळी जवळ आली की मी रांजण दिवसातून दोनदा काढायची. घरोघर तळण. त्या वर्षी बायांनी कढया राखेनं घासल्या आणि मोरीत आधणाचं पाणी ओतलं. म्हणं, बघा, मोरी कशी लख्ख! अगं बायांनो, तेल पातळ होऊन तुमच्या दारातून गेलं, पण गेलं कुठं? मी दारोदार जाऊन सांगितलं. सांगून सांगून तोंडाला फेस आला. "आली बघा रांजणवाली," म्हणून हसल्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे तर कहरच झाला. अंगाला तेल चोळून, उटणं लावून सगळी गल्ली कढत पाण्यानं न्हाली, आणि मोऱ्यामोऱ्यांत थिजून बसलेलं सगळं एकदम खाली वाहून गेलं. दिवस वर यायच्या आत अक्काच्या दारात घाण पाणी.

"अहो, फरशी उचला, बांबू घाला," मी नवऱ्याला म्हटलं. त्यांनी बांबू आणलाही. पण गल्लीतली म्हातारी माणसं आडवी आली. संध्याकाळी लक्ष्मीपूजन, आज घाण उपसली तर लक्ष्मी बाहेर जाते! मामंजी कुणाच्या बापाला ऐकले नसते, पण ते आदल्या वर्षीच वारले होते. सफाईचा दरोगा म्हणाला, दिवाळी होऊ द्या, मग बघू. कसली डोंबलाची लक्ष्मी! संतापानं माझं डोकं फुटायची पाळी आली. पाडव्यापर्यंत पाणी आडाच्या दगडांतून आत झिरपलं होतं.

आड उपसला. परत उपसला. तरी घागर भरली की वर तेलाचा तवंग आणि तोच वास. लोक वरच्या विहिरीला जायला लागले. अक्काचे गुडघे त्या चढाला साथ देईनात. खानावळीत पाणी भरायला दुसरी बाई आली. मी अक्काला म्हटलं, आमच्याकडं जेवत जा. तर म्हणाली, "फुकटचं घशाखाली उतरत न्हाय गं."

शेवटी तिनं भावाला निरोप धाडला. भावजयीच्या दारात जायची तिला भीतीच वाटत होती. "तिथं मला कुणी पाण्यालाबी विचारणार न्हाय," म्हणाली आणि रडली. मीही रडले.

भाऊ गाडी घेऊन आला. आस कोरडा पडला होता, चाकं लई कुरकुरत होती. त्यानं वंगण मागितलं. दिवाळीभर रांजणातनं काढून ठेवलेलं मी आणून दिलं. दुसरं काय होतं माझ्याकडं तिला द्यायला?

अक्का घागर मांडीवर घेऊन गाडीत बसली. "रांजण काढत जा गं तंगी," म्हणाली. आता कशासाठी, हे मला विचारवलं न्हाय. गाडी सडकेला लागली. चाकांचा आवाजसुद्धा आला न्हाय.