फोन नंबराच्या पुढे लिहिलेलं

चाकणला गुरुवारी कंपनी बंद, म्हणून आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांची कामं नेमकी गुरुवारीच निघतात. त्या गुरुवारी डिरेक्टरी सर्व्हर बदलायचा होता. म्हणजे कंपनीचं माणसांचं दप्तरच म्हणा: कोण, कुठल्या खात्यात, कार्ड कुठलं, आणि काही झालं तर घरी कोणाला फोन करायचा.

नव्या सर्व्हरला जुन्याची साठवण वाचता येईना. मग सगळी माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत काढली आणि नव्यात भरायला घेतली, तर तो अडूनच बसला. घरच्या फोनच्या रकान्यात म्हणे फक्त आकडे हवेत. आमच्याकडे नंबरापुढे इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यंच्या वाक्यं! जुन्याने बिचाऱ्याने इतकी वर्षं ते पोटात घातलं होतं. माझं डोकं फिरलं. आकडे ठेवून बाकी सगळं उडवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली आणि ती चालवण्याआधी कामगारांच्या हजेरी-नोंदी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसच्या ताईंना फोन लावला, कारण ही माहिती त्यांनीच भरलेली.

"ताई, तुमचा कचरा साफ करतोय," मी ऐटीत म्हणालो.

"आरं थांब! कचरा न्हाई त्यो. प्रेस मशीनमधी कुणाचा हात सापडला, तर घरी कुणाला अन् कसं सांगायचं, ते हाय त्यात. मी येईस्तोवर हात लावू नकोस."

सुट्टी सोडून त्या माण गावाहून स्कूटीवर आल्या. शेजारी बसून एकेक ओळ वाचायला लागल्या. 'किराणा दुकानाचा नंबर, बायकोला बोलवा म्हणावं.' 'वडिलांना ऐकू येत नाही, भावाला सांगा.' कुठल्याच फॉर्मवर हे विचारत नाहीत. कामावर लागायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी खिडकीतून विचारून घेतलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. नव्या सर्व्हरमध्ये 'सूचना' असा वेगळा रकाना केला आणि स्क्रिप्ट बदलली. आता आकडे एकीकडे जात होते, वाक्यं दुसरीकडे, आणि पुसलं काहीच जात नव्हतं.

दुपारी चारच्या सुमारास माझीच नोंद समोर आली. 'आईला हृदयाचा त्रास. आईला फोन करू नये. बहिणीला करावा.'

गेल्या वर्षी कंपनीतच लोडिंगच्या रॅम्पवरून पडून माझा पाय मोडला होता. कंपनीतून फोन गेला तो बहिणीला. ती आईला घेऊन हॉस्पिटलच्या वॉर्डात आली, तोवर प्लास्टर झालेलं आणि मी चहा पीत बसलेलो. आईला थेट फोन गेला नाही, हे आम्ही नशीब समजलो होतो.

"मी हे तुम्हाला कधी सांगितलं?"

"लागलास तवा. आई दवाखान्यात हाय म्हणून दोन दिवस मागितले व्हतेस की."

माझ्या ते लक्षातही नव्हतं. आणि ती ओळ मी सकाळी स्वतःच्या हाताने उडवणार होतो. खुर्ची मागे सारली आणि तिथेच त्यांच्या पाया पडलो.