वासुदेव राऊत आणि लढाईची तारीख

डहाणू रोड स्टेशनच्या चौकशी खिडकीत वासुदेव राऊत एकतीस वर्षं बसले आणि तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द कधी बाहेर पडले नाहीत. माहीत सगळं असायचं असं मुळीच नाही. गाडी वापीच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा पत्ता कधीकधी वरच्यांनाही नसे. पण खिडकीबाहेर दहा डोकी तापलेली असताना 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं. मग राऊत चष्मा कपाळावर चढवत, समोरच्या कागदाकडे बघत आणि ठणकावून सांगत, "वीस मिनिटं." कागद बहुधा कोराच असे. माणसं चहा पिऊन परत येत, आणि राऊत त्याच सुरात आणखी वीस मिनिटं देत. याला ते थाप म्हणत नसत, प्रवाशांची सेवा म्हणत.

निवृत्त होऊन मसोलीच्या घरी बसले तरी खिडकी काही सुटली नाही. लाइट कधी येणार, तलाठी कधी भेटणार, पाऊस कधी उघडणार, लोक ओटीवर येऊन विचारत आणि राऊत सांगून मोकळे होत. "अहो, पाऊस काय तुमच्या हाताखाली नोकरीला आहे?" त्यांच्या बायकोने, लतिकाबाईंनी, विचारलं तर ते म्हणत, "लोकांना धीर लागतो गं. आकडा ऐकला की माणूस बसतो."

अशात तिकडे आखातात लढाई पेटली. राऊतांनी भिंतीवर जगाचा नकाशा ठोकला, त्यात टाचण्या टोचल्या आणि तीन चॅनलं आलटूनपालटून बघायला लागले. कोणी विचारलं रे विचारलं, की उत्तर तयार. "पंधरा दिवस." पंधरा दिवस गेले की नवे पंधरा. गल्लीला करमणूक झाली, त्यांनाही झाली. बोलाचाच भात नि बोलाचीच कढी, कोणाच्या पोटात दुखणार?

दुखणार होतं ते शेजारच्या दक्षाबेनच्या. तिचा मुलगा दीपेश तेलाच्या जहाजावर, इंजिनखात्यात. त्याचं जहाज तिकडच्याच एका बंदराबाहेर अडकून पडलं होतं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. आठ दिवसांनी कधीतरी दोन मिनिटं फोन लागे. इकडे त्याची बहीण रिया हिचं लग्न ठरलं होतं. आता लग्नात नवऱ्यामुलाचा कान कोणी पिळायचा? वधूच्या भावाने. सख्खा भाऊ असताना चुलतभावाकडून कान पिळून घ्यायला दक्षाबेन तयार नव्हती. तिने राऊतांच्या पंधरा दिवसांवर भरवसा ठेवून एकदा तारीख पुढे ढकलली. मग दुसऱ्यांदा ढकलली. व्याही कुरकुरायला लागले. तिसऱ्यांदा राऊतांनी "मेच्या वीसपर्यंत सगळं आटोपतंय" असं सांगितलं, तेव्हा तिने अठ्ठावीस मे धरून पत्रिका छापायलाच टाकल्या.

मे उजाडला, आणि राऊतांच्या तोंडचं पाणी पळालं. नकाशावरची एक टाचणी हलायला तयार नव्हती.

तेवढ्यात कळलं की मुंबईच्या विद्यापीठातले दोन प्राध्यापक डहाणूत येणार आहेत. लढाई लोकांना समजावी म्हणून गावोगाव फुकट व्याख्यानं देत हिंडत होते बिचारे. राऊतांना हायसं वाटलं. आता खरी, शिक्क्याची तारीख मिळेल! त्यांनी अख्खी गल्ली हॉलमध्ये नेऊन बसवली. दक्षाबेनला धरून तिसऱ्या रांगेत बसवलं.

त्या दोघांपैकी विनिता मॅडम छान बोलल्या, उगाच जड नाही. समुद्राचा चिंचोळा भाग कुठे आहे, बंदुका थांबल्या तरी विमा कंपन्या हो म्हणेपर्यंत जहाजं का हलत नाहीत, हे त्यांनी पोरांना सांगावं तसं सांगितलं. "लढाई संपतेय असं कोणी म्हणालं," त्या म्हणाल्या, "तर तसं म्हणून त्याला काय मिळतंय, ते आधी बघा." अडकलेल्या खलाशांच्या घरच्यांनी कोणत्या सरकारी कचेरीत फोन करायचा, तेही त्यांच्या बरोबरच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं. दक्षाबेनने ते हातावर उतरवून घेतलं.

शेवटी राऊत उठले. "मॅडम, तारीख सांगा. अंदाजे चालेल."

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

राऊत हसले. "वीस वर्षं याच विषयात घालवलीत ना?"

"बावीस. तरी माहीत नाही, काका. मी तारीख दिली, तर या हॉलमधलं कोणीतरी तिच्यावर काहीतरी ठरवून बसेल. ती चुकली, तर माझं काही जाणार नाही. जाईल त्यांचं."

राऊत खाली बसले. एवढे ते आयुष्यात कधी लाजले नव्हते. तिसऱ्या रांगेकडे मान वळवायचं त्यांना धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षाबेन वाडीतल्या ओट्यावर चिकू निवडत होती, लहान इकडे, मोठे तिकडे. राऊत समोर जाऊन उभे राहिले.

"दक्षाबेन, दीपेश कधी येणार ते मला माहीत नाही. आधीही माहीत नव्हतं. उगाच सांगत आलो. चुकलं माझं."

आता ही बाई चिकू फेकून मारणार, असं त्यांना वाटलं. मारला असता तर त्यांनी मुकाट खाल्लाही असता. पण दक्षाबेनने हातातला चिकू पाटीत ठेवला.

"बसा ना, भाऊ," ती म्हणाली. "तीन महिने रोज कोणी ना कोणी येतं, तारीख देतं आणि निघून जातं. बसत कोणी नाही."

राऊत ओट्यावर टेकले. दक्षाबेनने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. आतून रिया धावत आली, तशी दक्षाबेन तिला म्हणाली, "रिया, लग्न अठ्ठावीसलाच करू. दीपेश येईल की नाही, मला माहीत नाही गं बेटा."

रिया आईला खेटून खाली बसली. "मला ठाऊक होतं, मम्मी," ती म्हणाली. "दीपेशनेच पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, की माझी वाट बघू नका. तू आशेवर होतीस, म्हणून मी बोलले नाही."