‘तुमीच कावून दिलं?’

माझी थोरली बहीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरीची बहुतेक वर्षं तिनं अंबाजोगाईला काढली. निवृत्त झाल्यावर आमच्या तालुक्याच्या गावी, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. गाव तिला सिस्टर म्हणतं, मी अक्का. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच असते. मुलगा पुण्याला. त्यानं घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर ती पेन्शनची परिपत्रकं बघायची, नातीशी बोलायची.

त्या दुपारी मी मेथीची जुडी घेऊन तिच्याकडे गेले. अक्का टेबलाशी ताठ बसलेली, फोन कानाला. मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर करून मला गप्प केलं. डॉक्टर बोलत असताना वॉर्डातल्या नातेवाइकांना ती असंच गप्प करायची. मी पडद्याकडे पाहिलं. माऊसला कुणाचा हात नव्हता आणि बाण आपोआप फिरत होता.

“कोण हाय फोनवर?” मी हळूच विचारलं.

“कंपनीचा माणूस. व्हायरस काढायलाय.”

पुढच्याच क्षणी पडद्यावर तिच्या बँकेचं पान दिसलं. 

“अक्का, बंद कर ते!”

“बंद करू नका म्हणलेत. सगळं जळून जाईल म्हणलेत.”

मी भिंतीतला प्लग ओढला, पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला. मग झाकणच खाडकन लावलं. तोवर तिच्या मोबाइलवर बँकेचे मेसेज यायला लागले होते. एक, मग दुसरा, मग तिसरा. गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी वर दोन खोल्या बांधायच्या म्हणून तिनं पेन्शनमधून साठवलेले पैसे माझ्या डोळ्यांदेखत गेले.

घडलं होतं ते असं. परिपत्रक शोधताना पडदा एकदम लाल झाला, सायरन वाजू लागला. संगणकात चोर शिरलेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असं त्यावर लिहिलेलं. अक्कानं केला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलला. तिला ‘माँ जी’ म्हणाला. “आप घर में अकेली हैं?” असंही विचारलं. त्याला काळजी वाटली असेल, असं तिला वाटलं! मग ज्यानं लांबून लॅपटॉप चालवता येतो असं एक ॲप घ्यायला लावलं, पडद्यावर कसल्याशा इंग्रजी अक्षरांची रांग दाखवली आणि “ये सब चोर हैं” म्हणाला. तुमचं खातं सुरक्षित करायचंय म्हणून बँकेच्या पानावर शिरायला लावलं, मोबाइलवर आलेले ओटीपीही वाचून घेतले. अक्का आयुष्यभर सांगितलेलं काम नीट, न चुकता करत आली. त्यानं तिच्या नेमक्या त्या गुणाला हात घातला. याचा संताप मला आजही आवरत नाही.

आम्ही तशाच रिक्षानं बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी खातं गोठवलं आणि म्हणाल्या, “आधी सायबर हेल्पलाइनला फोन करा, इथूनच करा. जितकं लवकर सांगाल तितकं बरं.” हेल्पलाइनवरच्या मुलीनं शांतपणे सगळं विचारून घेतलं, तक्रारीचा क्रमांक दिला. त्या दिवशी माणसासारखं वागलेल्या एवढ्याच दोघी.

कारण मग मुलाचा फोन आला. “आई, तू एवढी शिकलेली! आता कुणाला सांगू नकोस, लोक हसतील.” बाकीच्यांचा एकच प्रश्न, का? शेजारणीनं विचारलं, “कावून दिलं हो सिस्टर?” चुलतभाऊ म्हणाला, “अनोळखी माणसाला कावून बोलत बसलीस?” चोर कोण, कुठला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पोलीस ठाण्यातही तेच. टेबलामागच्या हवालदारानं आमचं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, तुमीच त्याला आत घेतलं, तुमीच बँक उघडून दिली. आता आमी काय करावं? साधा अर्ज देऊन जा, बघू.”

मी भांडायच्या बेतात होते. अक्कानं माझा दंड धरला आणि स्वतः बोलली.

“दादा, आमच्याकडं साप चावलेली माणसं यायची. अंधारात कावून गेलतास, असं आमी दारात विचारत न्हवतो. आधी इंजेक्शन द्यायचो. तुमी आधी तक्रार लिहून घ्या. मग मला काय बोलायचं ते बोला, मी हितंच बसलेली हाय.”

आणि ती खरंच बाकड्यावर बसून राहिली. चहाची वेळ झाली, टळली. शेवटी आतून साहेब बाहेर आले, काय प्रकार आहे विचारलं, आणि तक्रार नोंदवली गेली.

चारेक दिवसांनी मी तिच्याकडे भाकरी थापत होते, तेव्हा फोन वाजला. अक्कानं स्पीकर लावला. “माँ जी, हम रिफंड विभाग से बोल रहे हैं. आपका पैसा वापस आ गया है.” अक्काचा चेहरा बदलला. फोनवर हात ठेवून ती कुजबुजली, “त्योच हाय. आवाज त्योच.”

पैसे परत हवे असतील तर आधी थोडी रक्कम एका खात्यात भरा, असं तो सांगत होता. लुटलेल्या बाईला पुन्हा लुटायला आला होता निर्लज्ज! मी पिठाच्या हातानंच फोन हिसकावणार होते. अक्कानं डोळ्यांनीच मला दटावलं आणि कॅलेंडरच्या मागे खाते क्रमांक लिहायला लागली. फोनवरून डॉक्टरांची औषधाची ऑर्डर घ्यावी तसा एकेक आकडा तिनं परत म्हणून घेतला. “फिर से बोलो बेटा, कम सुनाई देता है.” त्यानं फिर से सांगितला. बँकेचं नावही सांगितलं.

मग ती म्हणाली, “ठीक है. ये नंबर मैं अभी पुलिस को देती हूँ.”

आणि मग ज्या तोंडानं तो ‘माँ जी, माँ जी’ करत होता, त्याच तोंडानं तिला आईवरून अशा शिव्या घातल्या की मी इथं लिहू शकत नाही. सत्तरीला टेकलेल्या बाईला! अक्कानं फोन ठेवला आणि म्हणाली, “तव्यावरची करपायली बघ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं बीडला गेलो, सायबरच्या कार्यालयात. तिथल्या एका तरुण पोलीस बाईंनी तो क्रमांक बघितला, कुठेतरी फोन लावला. “हे खातं आमच्याकडं अजून आलं न्हवतं, मावशी,” त्या म्हणाल्या. “अजून कुणाकुणाचे पैसे पडलेत यात. थांबवलं आता.”

अक्काचे थोडे पैसे वाटेतल्या एका खात्यात अडकलेले सापडले. कोर्टाचा आदेश होऊन ते बऱ्याच महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले ते गेलेच. तो माणूस सापडलेला नाही.

बीडहून आल्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अक्का उभी राहिली आणि झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. मुलगा फोनवर चिडला. मी त्याला म्हटलं, “लाज चोराला वाटू दे की! तिनं कावून तोंड लपवावं?”

त्याच संध्याकाळी एक निवृत्त मास्तर अक्काच्या दारात आले. चपला काढायच्याही आधी म्हणाले, “सिस्टर, मलाही तसाच फोन आलता. वर्ष झालं. घरात न्हाई सांगितलं.” कुणाचं वाकडं न करणारा माणूस वर्षभर स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरत होता.

अक्कानं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, “बँकेचे मेसेज ठेवलेत का फोनमध्ये?”

“ठेवलेत.”

“मग सकाळच्या गाडीनं बीडला जाऊ. मी येते संगं.”