आशिया केंद्रातला जानोसा

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात आशियाई विद्या केंद्राची टुमदार इमारत उभी राहिली आणि तिचा कारभार माझ्या गळ्यात पडला. चार खोल्या, एक सभागृह आणि विद्यार्थी तीन. तिघेही फैजपूरकडचे, केळीचा माल निघाला की गावी पसार. जपानचा इतिहास रिकाम्या बाकांना सांगून सांगून मी पुरता दमलो होतो.

एका एप्रिलात विद्यापीठाचं पत्र आलं. समिती येऊन बघणार, केंद्र चालत नसेल तर इमारत वाणिज्य विभागाला देणार. नेमकं समितीच्याच तारखेसाठी, इमारतीला देणगी देणाऱ्या मारवाडी शेटजींनी सभागृह मागितलं. त्यांच्या मुनीमजींच्या मुलीचं लग्न, साक्रीकडचं वऱ्हाड, त्याला उतरायला जानोसा हवा. लग्नसराईत शाळा-कॉलेजं वऱ्हाडाला द्यायची आमच्याकडे रीतच होती. नाही म्हणायचं कोणी? शिवाय मी पक्का अंदाज बांधला: समिती चाळीसगावहून गाडीने येणार, ती गाडी कधी वेळेवर येत नाही, तोवर वऱ्हाड मांडवात गेलेलं असेल.

त्या दिवशी गाडी वेळेवर आली.

तिघे साहेब दारात उभे राहिले तेव्हा आत पंगत बसत होती. इथे आशियाचा अभ्यास कुठे चालतो, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवरदेवाच्या आजोबांनी, सगळ्यांच्या आबांनी, त्यांचा हात धरला.

"बठ्ठं आठेच शे, साहेब. पहिले जेवी ल्या." सगळं इथेच आहे, आधी जेवून घ्या, असा तो अहिराणीतला हुकूम.

वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वरून तूप. जो नको म्हणेल त्याच्या पानात आणखी एक बट्टी, हे पाहुण्यांना ठाऊक नव्हतं. अध्यक्ष बिचारे चार वेळा नको म्हणाले.

जेवणानंतर ते माझ्या खुर्चीत कसेबसे टेकले. घाम पुसत म्हणाले, "माणसं फार प्रेमळ आहेत हो तुमची. विद्यार्थी किती?"

बाहेर वऱ्हाडातली तरणी पोरं हात धूत होती. शिपाई माझ्या कानाशी लागला: चाळीस सांगा, दाखवायला आहेत. सुचवलं झकास होतं. एरवी मी ते नाटक रंगवलंही असतं. पण पुढची किती वर्षं रंगवायचं?

"तीन," मी म्हणालो. "आणि आज तेही केळी कापायला गेलेत."

जूनमध्ये वाणिज्यवाले किल्ल्या घ्यायला आले. आता वाईट वाटेल म्हणून मी थोडा थांबलोही. काही वाटलं नाही. घरी गेलो आणि दुपारभर गाढ झोपलो.