गौरी नावाची मुलगी मंडपात आहे

मंडईत कुणी "गौरी!" अशी हाक मारली, की माझी मान अजून वळते. माझी गौरी आता नोकरीला लागली आहे, तरीही.

ती चार वर्षांची असताना देवीच्या जत्रेत माझा हात सुटून हरवली. मी वेड्यासारखी शोधत होते, तेवढ्यात लाउडस्पीकरवरून ऐकू आलं, "गौरी नावाची लहान मुलगी मंडपात आहे. आईने घेऊन जावे." मी धावत सुटले. शेजारून आणखी एक बाई तशीच धावत होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही कळलं, की आतली मुलगी एकीचीच असणार.

मंडपातली मुलगी त्या बाईला बिलगली. मी खांबाला धरून उभी राहिले. किती हौसेने ठेवलं होतं मी ते नाव, जणू जगात दुसरी गौरी नसणारच!

"तुमचीही गौरीच का?" तिने विचारलं. मी नुसती मान डोलावली. तिने लेकीला कडेवर घेतलं. "चला, शोधू या. असेल इथंच कुठेतरी."

हाका मारून मारून माझा आवाज बसला होता. तीच गर्दीत शिरून "गौरी! ए गौरी!" ओरडत राहिली. कडेवरची पोर तिचं तोंड आपल्याकडे वळवून सांगत होती, "आई, मी इथे आहे ना!" तरी ती थांबली नाही.

पाळण्यांमागच्या कनातीआडून माझी गौरी रडत बाहेर आली, हाकेच्या दिशेने धावली, आणि आधी त्या बाईच्याच पायांना घट्ट बिलगली.