काकींचं जाळं कचरा नव्हतं

आत्ताच घरी आलेय. पायांची वाळूही झटकलेली नाही, पण हे लिहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरणार नाही.

दर रविवारप्रमाणे आजही आमचा सायकल ग्रुप विरारहून निघाला, अर्नाळ्याचा किनारा साफ करायला. वाळूत निळ्या जाळ्याचा ढीग दिसला. आमचे राइड लीडर दादा म्हणाले, "समुद्राने फेकलंय, भरा." गोणीत मावेना, म्हणून त्यांनी कात्रीने चार तुकडे केले. गोणीचं तोंड मी धरलं होतं.

तेवढ्यात एक कोळीण काकी धावत आल्या. "दुरुस्तीला काढलेलं जालं हाय ते! कोनाला इचारून कापलंत?"

माफी मागायची ना? दादा म्हणतात, "काकी, आम्ही फुकटात तुमचा किनारा साफ करतोय. वस्तू जागेवर ठेवत जा."

जागेवर? त्यांच्याच दारासमोर होतं हो ते!

काकी वाळूत बसून तुकडे जुळवत राहिल्या आणि आम्ही गोण्यांसोबत फोटो काढून मिसळ खायला गेलो. आता ग्रुपवर तो फोटो आलाय. खाली दादांची ओळ: 'स्थानिकांमध्ये जागृती हवी.' त्यावर अंगठेच अंगठे!

ग्रुपमधल्या सगळ्यांनाच विचारतेय, आपला नियम काय आहे? एकाचं चाक पंक्चर झालं तरी सगळ्यांनी थांबायचं. आज एका बाईचं जाळं आपणच कापलं आणि एकही सायकल थांबली नाही. माझीसुद्धा नाही.

संध्याकाळी मी माफी मागायला परत चाललेय. फोटोत चौतीस जण आहेत. सोबत कोण कोण येतंय?